देवी आमच्या हद्दीत, विहीर त्यांच्या

आमची वाडी स्वतंत्र ग्रामपंचायत झाली तेव्हा सगळ्यात आधी पाटी रंगवली गेली. पंचायतीला खोली नव्हती, टेबल नव्हतं, शिक्का नव्हता, कपाट नव्हतं. पण पाटी होती. अंगणवाडीच्या पत्र्याच्या खोलीवर ती चढवली, गुलाल उधळला, डीजे लावला. मी तेव्हा सरपंच नव्हते. बचत गट चालवत होते, आणि त्या दिवशीच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. वरण दाट ठेवायचं की पातळ करून पुरवायचं, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

बोरीच्या बाजाराला जाताना एक फाटा लागतो. फाट्याच्या एका अंगाला मोठं गाव, दुसऱ्या अंगाला आमची वाडी, मधून ओढा. दोन्हीकडची आडनावं एक, भावकी एक, पंचायतही एकच होती. फक्त पंचायतीच्या नजरेला ओढ्यापलीकडचं दिसत नसे. रस्त्याचं डांबर ओढ्यापर्यंत, दिवे ओढ्यापर्यंत, नालीही ओढ्यापर्यंतच. रहिवासी दाखला घ्यायला चालत जावं, तर ऑफिसला कुलूप. घरकुलाच्या यादीत आमची माणसं शेवटी, आणि शेवटच्या नावांपर्यंत यादी कधी पोचत नसे. तेव्हा वेगळं व्हायची मागणी चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. त्या मागणीमागे माझे चुलत सासरे होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी परभणीच्या इतक्या खेपा केल्या की एसटीचे कंडक्टर त्यांना ओळखायला लागले होते. भाकरी बसस्टँडवरच खायचे, चहा कुणी पाजला तर प्यायचे.

हद्द ठरवायची बैठक मला लख्ख आठवते. ती आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. तोवर सगळं सोपं वाटत होतं. ओढा ही सरळ हद्द होती. ओढ्याच्या अलीकडे आमचं, पलीकडे त्यांचं. पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे ती आमच्यात येत होती. देवीचा माळ पलीकडे, म्हणजे देऊळ त्यांच्यात जात होतं.

इथे काका उठले. "देवी सोडून वेगळं व्हायचं आसंल, तर मला ही वाडीच नगं," म्हणाले.

यात्रेत आमच्या वाडीचा मान शेवटचा असे. मोठ्या गावच्या बाया ओटी भरून परत निघाल्या की मग आमच्या बायांनी पायरी चढायची. पंगतीत आमची माणसं बसत तोवर भाजीचा रस्साच उरलेला असे. काकांच्या आईला एकदा पायरीवरून खाली उतरवलं होतं, आणि ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे देवी.

मोठ्या गावचे लोक पटकन तयार झाले नाहीत. शेवटी म्हणाले, माळाच्या जमिनीचा गट तुम्हाला दिला तर त्याच्या बदल्यात विहिरीचा गट आम्हाला द्या. आमच्याकडचे सगळे एका सुरात हो म्हणाले. मीही चटई उचलायच्या तयारीत होते.

तेवढ्यात मागच्या खांबाला टेकून बसलेली एक बाई बोलली. ती आमच्या बौद्ध वस्तीतली, आशा सेविका म्हणून काम करणारी, माझ्याच वयाची. "काका, देवी ऱ्हाऊ द्या तिकडं. विहीर सोडू नगा."

"अगं, पान्याला कुनी न्हाई म्हनतं का?" काका म्हणाले. "वैऱ्याला बी पानी देतेत मानसं."

"आमाला म्हनले व्हते की," ती म्हणाली. "तिथंच, त्याच विहिरीवर. माज्या सासूला इचारा, अजून जित्ती हाय."

 मग कुणीतरी चहा आला का विचारलं, आणि सह्या झाल्या. म्हणजे विहीर आमच्या शाळेतून दिसते, पण ती त्यांच्या हद्दीत. देवीचं शिखर त्यांच्या शाळेतून दिसतं, पण ते आमच्या हद्दीत.

पहिल्या निवडणुकीत सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. बचत गटाची बाई आहे, लिहिता-वाचता येतं, यादी करून कामं करते, असं म्हणून मला बिनविरोध बसवलं. ती आशाताईही सदस्य झाली. मी पहिल्याच दिवशी वहीत करायच्या कामांची यादी घातली आणि त्यातलं पहिलं काम धरून जिंतूरला पंचायत समितीत गेले. तिथल्या मुलाने संगणकावर आमच्या वाडीचं नाव टाकलं. "मॅडम, गाव दिसत नाही पोर्टलवर."

"गाव आहे. मी तिथूनच आले."

"असेल. पण कोड नाही. कोड पडल्याशिवाय निधी पडत नाही."

कोड कधी पडणार हे त्याला माहीत नव्हतं, त्याच्या साहेबांना नव्हतं, परभणीला नव्हतं. मुंबईहून पडतो म्हणाले. घरोघरी नळाची नवीन योजना आली, ती मोठ्या गावात आली. आराखडा झाला तेव्हा आम्ही कागदावर नव्हतो, आणि कागदावर आलो तेव्हा आराखडा होऊन गेला होता. वाडीत बोअर घेतलं तर खाली काळा दगड आणि धूळ. उन्हाळ्यासाठी टँकर मागितला. तो मंजूर झाला, पण जुन्या नावावर. टँकर रोज मोठ्या गावात जाऊन तिथल्या आडात रिकामा होई, आणि ड्रायव्हर मला फोनवर सांगे, "बाई, माझ्या कागदावर हेच गाव हाय, मी काय करू?" मोठ्या गावात नळ होते. त्या टँकरच्या पाण्याने ते म्हशी धुवायचे.

तरीही विहिरीची मोटार चालू होती, जुन्या पाईपलाईनने आमची टाकी भरत होती, म्हणून दिवस निघत होते. होळी झाली आणि मोटार जळाली.

गावात मोटार जळणं ही काही मोठी गोष्ट नाही. उचलायची, बोरीला न्यायची, वाइंडिंग भरून आणायची, परत विहिरीत सोडायची. मी सकाळीच माणूस ठरवला. पण विहिरीवर लोखंडी जाळी आहे, आणि जाळीच्या कुलपाची किल्ली मोठ्या गावच्या पंचायतीत.

ग्रामसेवकांना फोन केला. त्यांच्याकडे चार गावं होती, त्यात आमचं चौथं. ते म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या हद्दीतल्या मोटारीवर एक रुपया टाकला तरी ऑडिटला मी उत्तर काय देऊ?"

"आमचे लोक वर्गणी काढतील. पंचायतीचा पैसा नकोच."

"मग त्यांची परवानगी घ्या. विहीर सरकारी आहे."

मग मी फाट्यावरच्या हॉटेलात गेले. मोठ्या गावचे सरपंच सकाळचा चहा तिथेच घेतात. भावकीतलेच, वयाने मोठे; मी त्यांना दादा म्हणते.

"या, या वैनी. व्हिसा काढला का?" ते म्हणाले आणि भोवतालचे सगळे हसले.

"काढला की. तुमच्या चहात पाणी कुठलं असतं तेवढं बघायचं होतं."

"अय, एक स्पेशल टाक रे, शेजारच्या राष्ट्राच्या पंतप्रधान आल्यात." पुन्हा हशा. मी बसले, चहा घेतला, कारण चहा नाकारून काम होत नाही. मग म्हटलं, "दादा, मोटार जळून पडलीय. एक तर तुम्ही करा, नाहीतर आम्हाला करू द्या."

"तुमाला करू दिलं आन् उद्या तुमचा एखादा गडी विहिरीत पडला, तर जिम्मेदारी कुनाची? हद्द आमची."

"मग तुम्ही करा."

"आमच्या मेंबरांना काय सांगू? आमाला नळ आलेत. त्या विहिरीचं पानी आता आमच्यात कुनीच पीत न्हाई. म्हनतेत, दुसऱ्या गावासाठी खर्च कामून?"

"आम्ही दुसरं गाव?"

"तुमीच म्हनलाव न्हवं का, वैनी? आमी न्हाई म्हनलं कधी."

 सगळ्यात संताप याचाच आला की माणूस टोमणे मारत होता आणि तरी बरोबर बोलत होता. तो दुष्ट नव्हता. ग्रामसेवक दुष्ट नव्हते. पंचायत समितीतला मुलगाही नाही. प्रत्येकाकडे आपापली हद्द होती आणि प्रत्येकाची हद्द माझ्या घागरीच्या अलीकडे संपत होती.

आमच्या बाया शेतातल्या एका खासगी विहिरीवर जाऊ लागल्या. तिथे तळाला उरलेलं पाणी होतं, गढूळ, आणि मालक दोन घागरींच्या वर देत नव्हता. त्याचंही बरोबर होतं, त्याची जनावरं होती. वस्तीतल्या पोरांना जुलाब सुरू झाले. आशाताई रोज दुपारी माझ्याकडे येऊन कुठल्या घरात कोण आजारी ते सांगे, आणि बाकी एक शब्दही बोलत नसे. बैठकीतलं ते वाक्य तिने मला पुन्हा ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ऐकवलं नाही.

मी ग्रामसभा बोलावली आणि सरळ विषय मांडला. माळाचा गट परत द्यायचा, विहिरीचा घ्यायचा.

"देवी देऊन पानी आनायचं?" काका उभे राहिले.  "माजे पाय झिजले त्या परभणीच्या रस्त्यानं. ते ह्यासाठी?"

एक पोरगा म्हणाला, "काका, देवी कुठं जायलीय? तिथंच ऱ्हानार. नुसतं कागदावर बदलायचं."

"मंग विहीर बी तिथंच हाय की. कागदावरच हाय त्यांची. जा, पी पानी."

सभा तिथेच मोडली. खरं तर काकांनी हो म्हटलं असतं तरी मला पुढचं माहीत होतं. गट बदलायचा म्हणजे तोच प्रस्ताव, तीच ऑफिसं, तोच एसटीचा प्रवास. तोवर या उन्हाळ्यातली पोरं मोठी होऊन मतदान करायला लागली असती.

मग चैत्राची यात्रा आली.

या यात्रेची एक रीत आहे. मोठ्या गावातल्या एका थोरल्या घरच्या बाया पहाटे त्या विहिरीवर येतात, अंगावर पाणी घेतात, आणि ओल्या लुगड्यांनी तांब्याच्या घागरी डोक्यावर घेऊन माळावर जातात. त्या पाण्याने देवीला न्हाऊ घालायचं. हा मान त्याच घराचा. न्हाणीची गाणीही त्याच घरच्या बायांना येतात. आमची वाडी यात्रेत सगळं करते, पण न्हाण कधी कुणी केलेलं नाही. हद्द ठरली तेव्हा याचा विचार ना त्यांच्या डोक्यात आला, ना आमच्या. देवी आमची झाली होती; तिला अंघोळ कशी घालायची ते आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी जाळीचं कुलूप उघडलं. दोराने पाणी ओढलं. उन्हं वर आली तशा बाया ओढा ओलांडून माळाच्या पायथ्याशी आल्या. तिथे आमच्या वाडीची पोरं बांबू आडवा धरून उभी होती. मला कुणीतरी पळत येऊन सांगितलं आणि मी चपला न घालताच गेले.

पुढे थोरल्या घरची म्हातारी होती. तिला दोन्हीकडचे लोक मोठी माय म्हणतात. मोठ्या गावच्या सरपंचांची ती चुलती. डोक्यावर घागर, लुगड्यातून पाणी निथळतंय.

"बाजूला व्हय रे," ती म्हणाली.

"हद्द हाय, माय," पोरगा म्हणाला.

"कुनाची?"

"वाडीची."

"तुज्या बापाचं जावळ मी ह्या देवीम्होरं धरलंय. तवा कुठं गेलती रे तुजी हद्द?"

मागे हसू फुटलं. पोराचे कान लाल झाले, पण त्याने बांबू सोडला नाही. "मोटार करा म्हनावं त्यायला. मंग जा."

"मोटार मी जाळली का, मुडद्या?"

"पोरांनो, सोडा तो बांबू," मी म्हटलं.

"सरपंचबाई, तुमी तीन वेळा गेलाव फाट्यावर. च्या पाजून लावून देतेत तुमाला," एकजण म्हणाला. 

मोठी माय बांबूपर्यंत आली. मग तिने घागर उतरवली आणि मातीत ठेवली. मागच्या सगळ्या बायांनी आपापल्या घागरी ठेवल्या. "घ्या," ती म्हणाली. "देवी तुमची. तुमीच घाला न्हाऊ."

काका तिथेच होते. पोरं त्यांच्याकडे बघू लागली. काकांनी माळाकडे पाहिलं, घागरींकडे पाहिलं. त्यांना देवी मिळाली होती, पाणीही समोर होतं, आणि त्यांना त्यातलं काहीही करता येत नव्हतं. "आमाला कुठं येतंय गं ते," ते पुटपुटले.

ऊन तापत होतं. घागरी रांगेत उभ्या. आमच्या आळीतली एक तरुण सून गर्दीतून निघाली, घराकडे गेली आणि प्लास्टिकची कळशी घेऊन आली. ती मोठ्या मायपुढे वाकली. "माय, तुमच्या घागरीला हात लावत न्हाई. तुमीच वतता का ह्याच्यात?"

"प्यायला?"

"व्हय. लेकरू फणफणलंय तापानं. घरात घोटभर न्हाई."

 मला वाटलं, मोठी माय आता शिव्या देईल. तिने घागर उचलून कळशीत ओतली. मग आपल्या सुनांना म्हणाली, "बघत काय उभ्या ऱ्हायल्याव? वाकवा गं." बाया घरी पळाल्या. बादल्या आल्या, डबे आले, एकीने कुकर आणला. आशाताई वस्तीतल्या दोघी-तिघींना घेऊन आली तेव्हा शेवटची घागर उरली होती. मोठ्या मायने तिच्या बादलीत अर्धी ओतली आणि अर्धी राखली.

"एवढी देवीला," ती म्हणाली. "तिला पुरती. ती काय पीत न्हाई."

तोवर पोरांनी बांबू कधी खाली ठेवला होता ते मला कळलंही नाही. न्हाण झालं, गाणी झाली. अर्ध्या घागरीत झालं.

त्या संध्याकाळी मोठ्या मायने पुतण्याला दारात उभं करून काय सुनावलं, याच्या निरनिराळ्या हकिगती माझ्यापर्यंत आल्या. त्यातली एकही लिहिण्याजोगी नाही. पण आठवडा उलटायच्या आत ग्रामसेवकांचा फोन आला आणि ते हसत होते. मोठ्या गावच्या पंचायतीने ठराव घेतला होता: श्री देवीच्या परंपरागत स्नानासाठी सार्वजनिक विहिरीवरील मोटार कायम चालू स्थितीत ठेवण्यात यावी. विहीर त्यांच्या हद्दीत, खर्च त्यांचा, कारण धार्मिक. त्यात आमच्या वाडीचं नावही नव्हतं.

"मॅडम, मिटलं की तुमचं," ते म्हणाले.

मिटलं नव्हतं. तो ठराव कधीही फिरवता येतो, सरपंच बदलला की मोडता येतो. कोड अजून पडलेला नाही. एक आख्खी वाडी देवीच्या अंघोळीचं पाणी पिते असं सरकारी दप्तरात आहे, आणि त्याबद्दल मी कुणाला पत्र लिहिलं तर आहे तेही बंद व्हायचं. एवढ्या वर्षांच्या मागणीनंतर आम्ही स्वतंत्र झालो ते यासाठी, हा विचार मनात आला की मला कामच सुचत नाही. म्हणून मी तो फार वेळ करत नाही.

मोटार पुन्हा चालू झाली त्या दिवशी टाकी भरली आणि मी व्हॉल्व्ह सोडायला गेले. वाडीत पाणी आळीपाळीने सोडतात. सुरुवात काकांच्या आळीपासून, शेवट बौद्ध वस्तीत. पूर्वीपासून तसंच. टाकी लहान, त्यामुळे शेवटपर्यंत जाताना धार करंगळीएवढी होते. आशाताई टाकीखाली उभी होती.

"आज आमच्याकडून सुरू करा," ती म्हणाली. विनंती नव्हती ती, आणि चढा आवाजही नव्हता.

मी तिकडचा व्हॉल्व्ह आधी उघडला. पाच मिनिटांत काकांची सून कमरेवर घागर घेऊन आली, मागे आणखी चौघी. "हे काय नवं, जाऊबाई? आमची आळी पहिली असती."

"आज शेवटी."

"काका इचारतेत, का म्हनून?"

"काकांना म्हणावं, इकडे येऊन विचारा."

"येतेत बघा ते. मंग बोला."

"येऊ दे."

खरंच आले ते, काठी टेकत, रागाने लाल होऊन. मला बसायलाही कुणी सांगितलं नाही, आणि चांगली अर्धी संध्याकाळ टाकीखाली भांडण चाललं. सगळे माझ्यावर ओरडत होते. पण पंचायत झाल्यापासून हे पहिलंच भांडण असं होतं की त्यासाठी मला फाट्यावर, जिंतूरला किंवा परभणीला जायची गरज नव्हती. व्हॉल्व्हचा पाना माझ्या हातात होता. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, उद्याची पाळी कुणाची ते सांगितलं, आणि वस्तीच्या टोकाला धार कशी येतेय ते बघायला निघाले.